तीन चाकांची बाबागाडी आणि कलम १५(२)



"बाबागाडी म्हणजे सवर्ण मध्यमवर्गाचे चोचले. आपल्या आयांनी झोळीत पोरं वाढवली, काही बिघडलं का?" गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं. एकदा सासूबाईंकडून, एकदा चळवळीतल्या ज्येष्ठ दादांकडून आणि एकदा माझ्याच वयाच्या एका कार्यकर्त्याकडून. सासूबाईंशी मी वाद घातला नाही. त्यांनी बांधकामावर पाट्या वाहिल्यात, झोळी म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकी दोघांना मात्र उत्तर द्यायचं आहे आणि ते जाहीरच द्यावं असं वाटलं. कारण हा प्रश्न माझ्या एकटीच्या गाडीचा नाही.

माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. बाळंतपण सिझेरियनचं, कंबर अजून धरते. माझं काम वस्तीतलं. घरकामगार बायकांच्या बैठका, रेशनकार्डाच्या फेऱ्या, अंगणवाडीच्या तक्रारी. नवरा शिफ्टमध्ये नोकरी करतो. आठ किलोचं बाळ एका कडेवर आणि कागदपत्रांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर, असं रोज तीन-चार किलोमीटर चालणं शरीराला झेपेना. म्हणून गाडी घ्यायचं ठरवलं. यात हौस नव्हती, गरज होती.

दुकानात गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की बहुतेक बाबागाड्या गुळगुळीत फरशीसाठी बनवलेल्या असतात. चार कोपऱ्यांत मुठीएवढी प्लास्टिकची चाकं. मॉलमध्ये त्या लोण्यासारख्या फिरतात. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक उखडलेले, चेंबरची झाकणं चार बोटं वर आलेली, मध्येच पाण्याच्या पाइपासाठी खोदून अर्धवट बुजवलेला चर. तिथे ती चाकं पहिल्याच चरात अडकणार आणि बाळाच्या मानेला झटका बसणार. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ही गाडी गार्डनसाठी आहे." आमच्या वस्तीला गार्डन असतं तर प्रश्नच नव्हता.

मग तीन चाकांच्या गाड्यांचा शोध सुरू झाला. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. पुढे एकच चाक, मागे दोन मोठी चाकं, शक्यतो हवेची, सायकलच्या चाकांसारखी. खड्डा आला की दांडा थोडा खाली दाबायचा, पुढचं चाक उचललं जातं आणि मागच्या मोठ्या चाकांवर गाडी पार होते. पुढचं चाक गर्दीत वळण्यासाठी मोकळं फिरतं आणि खडबडीत रस्त्यावर सरळ अडकवून ठेवता येतं. ही सोय नसलेली गाडी घेऊ नये. पंक्चर होतं हे खरं, पण ते कोपऱ्यावरचा सायकलवाला काढून देतो. फोमचं चाक पंक्चर होत नाही, पण धक्के जास्त लागतात.

तोटेही सांगते. ही गाडी जड असते. माझी बारा किलोची आहे, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. घडी केली तरी जिन्याखाली बरीच जागा खाते. आणि तीन चाकांची रिक्षा वळणावर कशी कलंडते हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ही गाडीही फुटपाथच्या कडेवरून तिरकी उतरवली तर एका अंगाला जाऊ शकते. म्हणून नेहमी सरळ उतरवायची, आणि मागची चाकं आधी उतरवायची. खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा हवाच. दांड्याला भाजीची पिशवी लटकवायची नाही, गाडी मागे उलटते. उतारावर मनगटाला दोरी. तान्ह्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी लागते. अजून एक, उन्हात गाडीवर ओढणी टाकून ती बंद करू नका. सावली होते असं वाटतं, पण हवा कोंडून आत उष्णता वाढते.

नवी गाडी परवडणारी नव्हती. जुनी साडेसहा हजारांत मिळाली. ब्रेक, पट्ट्याची कुलपं, घडीची खिट्टी आणि टायरच्या भेगा तपासून घेतली. यावरच त्या मित्राची टीका होती, "साडेसहा हजारांत दहा पोरांची पुस्तकं आली असती." आली असती. पण आपल्या जयंतीत एका रात्रीच्या डीजेला किती जातात हेही त्याला माहीत आहे. तिथे पुस्तकांचा हिशोब कुणी मांडत नाही. बाईच्या कंबरेचा प्रश्न आला की मात्र सगळ्यांना काटकसर आठवते.

आता 'सवर्णांचे चोचले' या मुद्द्याकडे येऊ. बाबागाडीचा उगम खरंच सरंजामी आहे. १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंटने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी अशी पहिली गाडी बनवली. ती ओढायला जनावर जुंपायचं होतं. पण इतिहास तिथे थांबत नाही. १८८९ साली अमेरिकेत विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने बाबागाडीतल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत बाळाला आईकडे तोंड करूनही ठेवता येत होतं आणि रस्त्याकडे तोंड करूनही. तीन चाकांची आजची गाडी आली ती १९८४ साली. अमेरिकेतल्या एका पत्रकार बापाला मुलाला सोबत घेऊन धावायचं होतं, म्हणून त्याने गाडीला सायकलची चाकं लावली. आणि आपल्याकडचा सुताराने केलेला लाकडी पांगुळगाडा आठवा, तोही तीन चाकांचाच. मग वस्तू कुणाची? जो वापरेल त्याची. शिक्षण, कोट-टाय, इंग्रजी, यांपैकी काहीही 'त्यांचं' आहे म्हणून बाबासाहेबांनी सोडून दिलं नाही.

उलट चाकांचा आणि जातीचा संबंध बाबासाहेबांनीच लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो सोबत चालणार. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी डॉ. आंबेडकरांना बसवून न्यायला नकार दिला. पाहुण्याला पायी नेणं आपल्या लोकांना कमीपणाचं वाटलं, म्हणून टांगा चालवण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. पुलावर टांग्याचं चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशी पदव्या घेतलेला बॅरिस्टर, पण त्याला चाकावर बसून रस्त्यावरून सुखरूप जाता आलं नाही.

हा अनुभव आणि संविधानातलं कलम १५(२) शेजारी ठेवून वाचा. विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्यासोबत तिथे 'रस्ते' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. आपण महाडमुळे पाण्याबद्दल नेहमी बोलतो आणि ते योग्यच आहे. पण पेशवाईत अस्पृश्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, असं बाबासाहेब 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये सांगतात, ते रस्त्याबद्दलच आहे. १९२४चा वायकोम सत्याग्रह मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठीच होता. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिच्यावर कोण, कसं चालतं यात समाजाची रचना दिसते.

आज मडकं नाही, झाडू नाही. पण वस्तीतला रस्ता आणि सोसायटीसमोरचा रस्ता एकसारखा आहे का? इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून निर्धोक चालण्याचा हक्क कलम २१च्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. गाडी ढकलत मी रोज हे मापच घेत फिरते. मुख्य रस्त्यावर गाडी सरळ चालते. वस्तीचं वळण आलं की हाताला कंप जाणवतो. जात विचारायची गरजच पडत नाही, चाकच सांगतं.

इथे एक धोका आहे आणि तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. बाबागाडी हातात आली की माणूस नकळत मध्यमवर्गीय भाषा बोलू लागतो. "फुटपाथ मोकळे करा." कुणापासून मोकळे? भाजीवाली मावशी, चप्पल शिवणारे काका, चहाची टपरी. हे सगळे आपलेच लोक आहेत. मी मुद्दाम आठवडाभर मोजलं. मला खाली रस्त्यावर उतरायला लावणाऱ्यांत सर्वाधिक होत्या पदपथावर चढवलेल्या मोटारी आणि दुचाक्या, त्यानंतर विजेचे डीपी आणि होर्डिंगचे खांब. भाजीवाली मावशी मला पाहून टोपली सरकवते, मोटार सरकत नाही. २०१४च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत फेरीवाल्यांना हटवता येत नाही आणि नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे हवेत. म्हणून आपली मागणी "फेरीवाले हटवा" ही असूच शकत नाही. "पार्किंग हटवा, पदपथ बांधा, फेरीवाल्याला आखून जागा द्या" ही आहे. माझ्या मुलीच्या गाडीच्या आडून कुणाची टपरी उचलली गेली, तर ती गाडी मला नको.

आता झोळी. झोळीचा गौरव करणाऱ्या दादांना मी एवढंच विचारते, बांधकामावर झोळी का बांधावी लागली? पाळणाघर नव्हतं म्हणून. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ नुसार पन्नासपेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी होती. किती साइटवर तुम्ही ती पाहिली? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे अशी भूमिका घेतली आणि त्याचा बोजा सरकारने उचलावा असं सांगितलं. पुढच्याच वर्षी तो मुंबई प्रांताचा कायदा झाला. म्हणजे आईच्या श्रमाचा भार हलका करणं हा चळवळीचा जुना कार्यक्रम आहे. आपल्या आयांचे कष्ट आदराने आठवावेत, पण पुढच्या पिढीच्या बायकांनी तेच सोसावेत अशी अट घालू नये. झोळीत वाढलेला माझा नवरा आज सुट्टीच्या दिवशी गाडी ढकलत विहारात जातो. सुरुवातीला पोरं हसली, "बायकोचा हमाल" म्हणाली. आता त्यांतलेच दोन बाप आपापल्या लेकरांसाठी गाडीची चौकशी करतात.

गेल्या महिन्यात बैठकीनंतर एका घरकामगार ताईने गाडीला हात लावून विचारलं, "ताई, मी मालकिणीच्या पोराची अशी गाडी रोज ढकलते. माझ्या नातवासाठी जुनी कुठं मिळंल का?" समाजशास्त्राच्या वर्गात व्हेब्लेनची दिखाऊ उपभोगाची संकल्पना मी शिकले आहे. पण या ताईच्या प्रश्नात दिखावा कुठेच नव्हता. जी वस्तू ती रोज दुसऱ्यासाठी हाताळते, तिच्यावर आपल्या नातवाचाही हक्क आहे एवढंच ती म्हणत होती.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, प्रत्येक बुद्धविहारात वाचनालयासारख्या दोन-तीन बाबागाड्या ठेवाव्यात. बाळ दीड-दोन वर्षांचं झालं की गाडी पडून राहते, ती दान घ्यावी, दुरुस्त करावी आणि वहीत नोंद करून फिरती ठेवावी. दोन, त्यातलीच एक गाडी घेऊन युवकांनी वस्तीच्या रस्त्याची पाहणी करावी. किती ठिकाणी उचलावी लागली, पदपथ कुठे संपला, अडथळा कशाचा होता हे मापासह लिहावं आणि माहिती अधिकारात त्या रस्त्याच्या खर्चाचा हिशोब मागावा. व्हीलचेअर वापरणाऱ्या साथींना सोबत घ्यावं, त्यांची लढाई याच उंबरठ्यांशी आहे. तीन, बांधकामाच्या साइटवर पाळणाघर आहे का हे विचारणारं निवेदन कामगार खात्याला द्यावं.

मोठी चाकं घेऊन मी माझ्यापुरता रस्ता काढला. मोठी चाकं न परवडणाऱ्या बाईचा रस्ता आपल्यालाच सपाट करून घ्यावा लागेल. पाहणी या रविवारी सकाळी आमच्या वस्तीपासून सुरू करतोय. गाडी माझी, मोजपट्टी तुम्ही आणा.

जय भीम!