आईचं खातं

आमच्या गावातली बँक खोतांच्या पडवीत भरायची. ‘भरायची’ हाच आमचा शब्द, शाळेसारखा. १९६९च्या जुलैत १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी कोकणातल्या आमच्या आडगावी बँक यायला सत्तरचं दशक सरत आलं. १९७७ साली रिझर्व्ह बँकेने अट घातली होती, की आधीच बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढावी लागेल. मुंबईतल्या कुठल्याशा शाखेच्या पुण्याईने आपल्याला ही मिळाली, असं अण्णा हसून म्हणायचे. तोवर पैसा म्हणजे चाकरमान्यांची मनीऑर्डर. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजायचा आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला आकडा ठाऊक व्हायचा.

बँकेतला आकडा असा फिरत नाही, हे सगळ्यात आधी बायकांच्या ध्यानात आलं.

आम्ही भावंडं चौथी-पाचवीत गेलो की स्लिपा भरायच्या कामाला लागायचो. ‘अक्षरी रुपये’ लिहिताना ‘फक्त’ विसरलं की क्लार्क स्लिप परत सरकवायचे. ‘एकोणऐंशी’ कसं लिहायचं ते मी शाळेत नाही, तिथल्या बाकावर शिकले. स्लिप आत गेली की पितळी टोकन हातात यायचं. ते घट्ट धरून बसल्याने तळहाताला दिवसभर पितळेचा वास येई. जाळीच्या पिंजऱ्यातले कॅशियर ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजत, आणि आम्ही त्यांच्याबरोबर मनात मोजत असू. दादाचं नेहमी एक-दोनने चुकायचं.

आईची त्या बँकेत एक आवर्ती ठेव होती, महिना वीस रुपयांची. आमसुलं, काजू, नारळ विकून आलेले पैसे. अण्णांना पत्ता नव्हता. त्यांचं पगाराचं खातं त्याच शाखेत, त्याच क्लार्ककडे. पण क्लार्कनी कधी अवाक्षर काढलं नाही. ताईच्या डी.एड.च्या फीची वेळ आली तेव्हा आईने पदराखालून पाकीट काढून दिलं. अण्णा बघतच राहिले. ‘‘बँकेत होते,’’ एवढंच ती म्हणाली.

अण्णा गेले त्यानंतरची गोष्ट. आईच्या सहीचा नमुना ‘सौ.’ लावून होता. महिन्याभराने ती कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामाला गेली, तेव्हा स्लिपेवर पेन टेकवून नुसतीच थांबली. क्लार्कनी काही न विचारता नवं कार्ड पुढे केलं. ‘‘वहिनी, नमुना नव्याने घेऊ. नुसतं नाव लिहा, पुढे-मागे काही नको.’’ त्या दिवसापासून तिची सही नुसत्या नावाची आहे.

मग बँकांची विलीनीकरणं सुरू झाली. आमची बँकही एका मोठ्या बँकेत गेली आणि वर्षा-दीड वर्षाने पडवीच्या दारावर कागद चिकटला: शाखा तालुक्याच्या शाखेत सामील होत आहे. पासबुक नवं, चेकबुक नवं, आयएफएससी कोडसुद्धा नवा. अंतर एकोणीस किलोमीटर.

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली हा मोठाच आधार. आई सकाळच्या गाडीने जाते आणि अडीचच्या गाडीने येते. मधल्या वेळात एक काम होतं: पासबुक छापणं. मशिनमध्ये पासबुक उलटं घातलं की ते बाहेर ढकलतं, ‘‘पूर्वीचे क्लार्क ढकलायचे तस्संच,’’ ही तिची टिप्पणी. पैसे काढायला गावात बँक मित्र आहे, किराणा दुकानात, मीठ-डाळीच्या बरण्यांशेजारी. आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, एका वेळी दहा हजारांपर्यंत. पण साठ पावसाळे लावणी केलेले आणि नारळ सोललेले हात ते. अंगठ्यावर रेघा उरल्यात कुठे? पदराला पुसून, केसांच्या तेलावर घासून ती चार-चारदा लावते. दुकानदाराची सून समजूतदार आहे. ‘‘आजी, दुसरं बोट बघू या,’’ म्हणते. मात्र मागे रांग असते, आणि किती काढले ते सून मोठ्याने सांगते. पोस्टमन ओटीवर बसून मोजायचा, तेच पुन्हा.

आणखी एक गोष्ट झाली, आणि ती आम्हीच केली. खात्याला मोबाइल नंबर जोडायचा होता, तो आम्ही ठाण्याच्या दादाचा दिला. सोयीचं, सुरक्षित, असं सगळ्यांनाच वाटलं. तिने पाचशे काढले की दोन मिनिटांत दादाचा फोन: ‘‘आई, पाचशे कशाला लागले गो?’’ काळजीनेच विचारायचा बिचारा. तीही सांगायची: देवळाची वर्गणी, गड्याची मजुरी, शेजारच्या बायचं बारसं. मग हळूहळू ती कमी काढायला लागली. गेल्या मे महिन्यात मी गेले तेव्हा मजुरी थकलेली, आणि खात्यात पैसे पडून. मी रागावले तर म्हणाली, ‘‘दर वेळी काय सांगू त्याला?’’

ज्या स्लिपा आम्ही लहानपणी भरल्या त्यांतली एकही बातमी आम्ही अण्णांपर्यंत नेली नव्हती. आता मोठेपणी नेमकं तेच करत होतो.

जूनमध्ये मी तिला तालुक्याला नेलं. साधा बटणांचा फोन घेतला, तिच्या नावाचं सिम घेतलं, आणि बँकेत नंबर बदलायचा अर्ज दिला. अर्जावर तिने नुसत्या नावाची सही केली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘‘आजी, मेसेज इंग्रजीत येतील, मुलाचाच राहू दे की.’’

‘‘आकडे कळतात मला,’’ आई म्हणाली आणि फोन कनवटीला खोचला.