उलट वाचन

१९५७ साली इंग्लंडात आलेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांतही मिळे. घरी जोडल्यास खरेदीकर वाचे. जोडणीच्या सूचना देण्यास मनाई, म्हणून गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या जात आणि त्या उलट वाचाव्या लागत, अशी आख्यायिका आहे. १९७३ मध्ये तो कर संपला. उलट वाचन संपले नाही.

चार गतींचा जुना गिअरबॉक्स काढून पाच गतींचा बसवू पाहणाऱ्यास तो बहुधा इंजिनासह उचलावा लागतो. क्लचप्लेटच्या खाचांत नव्याचा दांडा नेमका सरकेपर्यंत बळाचा उपयोग नसतो. सारा भार दांड्यावर पडला तर प्लेटच वाकते. मात्र ज्याने प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला, त्याला तो सैल करताना आपलीच जुनी घाई वा निष्ठा ओळखता येते. पाठचिकित्सा बहुधा परक्या संहितेची असते. येथे कर्ता आणि चिकित्सक एकच; चुकलेल्या पाठाची किंमतही रस्त्यावर तोच मोजतो.