पावसाळा पाहिलेला भोपळा

आमच्या गाण्याच्या क्लासातला तंबोरा दिसायला फार देखणा होता. दांडीवर सेल्युलॉइडची पांढरी वेलबुट्टी, भोपळ्यावर कोरीव पानं, खुंट्यांच्या टोकांना चकचकीत बटणं. मुलांची नावं घालायला आलेले पालक आधी त्याच्याकडे बघत आणि मग बाईंकडे. पण पावसाळा लागला की त्याच्या खुंट्या फुगायच्या. एक तर हलायच्याच नाहीत, नाहीतर सूर लावून हात काढला की सर्रकन मागे फिरायच्या. बाई खडू मागवून खुंटीला चोळत. पंचम लागेपर्यंत जोडीच्या तारा उतरलेल्या असत, त्या चढवल्या की खर्ज रुसलेला. तासातला बराच वेळ गाण्याऐवजी लावण्यातच जाई.

तो स्वस्तात मिळाला होता, हे बाईच सांगत. त्या स्वस्ताईची किंमत आम्ही मुली कानांनी भरत होतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं लागली. रोज जरासा उतरलेला षड्ज ऐकला की कान त्यालाच षड्ज मानू लागतो. स्वस्तातली चप्पल तुटते आणि आपल्याला कळतं. चार शिव्या घालून आपण दुसरी घेतो. वाद्य तसं तुटत नाही. ते वाजत राहतं आणि आपणच हळूहळू त्याच्यासारखे होत जातो.

बाईंनी एकदा माझ्या वडिलांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "घरी रियाजाला तंबोरा लागेल. घेणार असाल तर मिरजेहून चांगला घ्या. जमत नसेल तर पेटीवर भागवा, पण मधलं काही घेऊ नका." वडील साताऱ्यात कारकून होते. त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि मला घेऊन मिरजेला गेले.

मिरजेत सतारमेकर गल्लीत ओळीनं दुकानं आहेत. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या माणसांनी तेच हात तारांच्या वाद्यांकडे वळवले. पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. 1937 मध्ये ते गेले, त्यांची कबर इथल्या दर्ग्यात आहे. गाणारे आणि वाद्य बनवणारे एकाच गावात राहिले की कारागिराला कानात तेल घालून ऐकणारं गिऱ्हाईक मिळतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हा शेजारही आहे.

दुकानात वडिलांनी आधी कमी किमतीच्या तंबोऱ्याला हात लावला. म्हातारे कारागीर म्हणाले, "तो घ्या की साहेब, वाजतो. पण त्याच्या भोपळ्यानं अजून पावसाळा बघितलेला नाही."

मग त्यांनी आम्हाला माळ्यावर नेलं. तिथे भोपळेच भोपळे. खायचे नव्हेत, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे जाड सालीचे कडू भोपळे. ते कापायच्या आधी नीट वाळावे लागतात. कोवळा किंवा ओला भोपळा वापरला तर पुढे आकसतो, त्याच्या तोंडावर बसवलेल्या लाकडी तबलीचा सांधा उकलतो. दांडीच्या तुणाच्या लाकडाचंही तसंच. ते मुरलेलं नसेल तर काही वर्षांत दांडी वाकते, आणि वाकलेल्या दांडीवर ब्रह्मदेवालाही सूर लावता येत नाही.

शेवटचं काम जवारीचं, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवण्याचं. घोडीचा माथा दिसतो सपाट, पण त्याला अगदी थोडा उतार असतो. त्या उतारावर तार घासत थरथरते, म्हणून तिचा आवाज खुलतो. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतो. ती सापडली की पितळेच्या खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येऊ लागतो. हे माप कुठल्या पट्टीवर नाही. ते त्याच्या कानात आहे, आणि तो कान तयार व्हायला अर्धं आयुष्य गेलेलं असतं.

वडिलांनी जरा घुटमळून विचारलं, "नक्षी नको म्हटलं तर काही कमी होतील का?"

"नक्षीत पुष्कळ कमी होतील साहेब. जवारीत कमी करायला सांगू नका."

असा आमचा तंबोरा आला, अगदी साधा. एक कोरीव पान नाही. आत्या बघून म्हणाली, "एवढं कर्ज काढलंस आणि हा लाकडाचा ओंडका आणलास?" वडील हसले. हप्ते फिटेपर्यंत घरात नवे कपडे बेतानेच आले.

माझ्या मैत्रिणीच्या घरी त्याच सुमारास दुसरीकडून स्वस्तातला तंबोरा आला. तिचा आवाज माझ्यापेक्षा सरस होता, हे बाईही कबूल करत. पण तिच्या वडिलांना कर्ज देणारी पतपेढी नव्हती. पहिल्या पावसाळ्यातच तबली उकलली, मग दांडी वाकली. दुरुस्ती करणारा म्हणाला, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुसरा घ्यायला पैसे उरले नव्हते. चांगलं ते महाग घ्यावं, हा उपदेश म्हणूनच मला बेतानं करावासा वाटतो. एकरकमी पैसे काढता येणाऱ्यालाच तो ऐकून उपयोग. ज्याला ते जमत नाही, तो स्वस्त वस्तू पुन्हा पुन्हा घेतो आणि शेवटी जास्तच पैसे घालवतो. किंवा तिच्यासारखा एकदाच घेतो आणि गाणं सोडतो.

माझा तंबोरा माझ्याबरोबर वसतिगृहात राहिला, मग मुंबईत आला. तिथल्या दमट हवेत त्याच्या तारा गंजल्या, त्या बदलल्या. वाजवून वाजवून घोडीवर खाचा पडल्या, तेव्हा जवारी पुन्हा काढून घेतली. घर बदलताना हमालाकडून भोपळ्याला तडा गेला. मिरजेत तो आतून असा सांधला की शोधावा लागतो. चांगल्या वस्तूचंही बिघडतं, पण ते दुरुस्त करण्याच्या लायकीचं असतं. जादा पैशांतून मला मिळालं ते हेच.

सगळीकडे मात्र मी हा नियम लावत नाही. गवसणी साध्या कापडाची शिवते. तारा झिजण्यासाठीच असतात, त्या परदेशी कशाला हव्यात? आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. 1979 मध्ये बंगळुरात जी. राज नारायण यांनी तो बनवला, त्यानंतर प्रवासात रियाज करणाऱ्या किती गायकांची सोय झाली! आता तर मोबाईलवर फुकट तंबोरा मिळतो. त्याच्यात तो आपोआप उमलणारा गंधार तसा सापडत नाही, पण तो सुरात असतो आणि आपण लाकडाचे आहोत असं सोंग आणत नाही. मला धास्ती वाटते ती कच्च्या भोपळ्यावर भारी नक्षी चढवलेल्या वाद्याची.

भाची गाणं शिकू लागली, तेव्हा तिला मी बाईंचंच सांगितलं: आधी मोबाईल वापर, गाणं टिकतंय का बघ, टिकलं तर थेट मिरजेला जा. तिनं विचारलं, "पण मावशी, भोपळ्याला आणि लाकडाला एवढे पैसे?" तिला म्हटलं, पैसे भोपळ्याचे नव्हेत, तो माळ्यावर पडून होता त्या काळाचे आहेत. तेवढे दिवस कारागिरानं पदरचे पैसे अडकवून ठेवलेले असतात. किंमत सांगताना तो ते परत मागतो. ते द्यायला कुणी तयार नसेल, तर भोपळे वाळवत कोण बसेल?

तिनं आता बँकेत दरमहा पैसे टाकायला सुरुवात केली आहे. तंबोरा बिननक्षीचाच सांगणार म्हणते. तिच्या आईला मात्र निदान दांडीवर एखादी वेल तरी हवी आहे, आणि त्यावरून दोघींचं रोज वाजतं.