भिंतीला तुंबड्या

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण ज्याने केली त्याने स्वतः कधी तुंबडी लावून घेतली नसावी, अशी मला दाट शंका आहे. तुंबडी म्हणजे अंगातलं रक्त काढायचं पोकळ शिंग, तिला कातडी लागते. शिंगाचं रुंद तोंड अंगाला घट्ट टेकवायचं, टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायचं. मग कातडी आत फुगते आणि तुंबडी जागच्या जागी बसते. शेणामातीने सारवलेल्या भिंतीला ती कशी बसणार? कडेने हवा शिरेल आणि पडेल खाली. म्हणजे हा न्हावी नुसता रिकामा नव्हता, तो न होणारं काम करत होता. आणि कोणीतरी उभं राहून ते बघत होतं, नाहीतर म्हण झालीच नसती. त्या बघणाऱ्याला काही काम नव्हतं का, हे कोणी विचारत नाही.

अशी एक भिंत माझ्याही वाट्याला आली. आम्हा फार्मसीच्या पदविकेच्या, म्हणजे डी.फार्म.वाल्यांच्या नशिबी १९९१ च्या शिक्षण नियमांतले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे ५०० तास होते. ते किमान तीन महिन्यांत पुरे करायचे, आणि त्यातले निदान २५० प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात घालवायचे. करारपत्र तीन प्रतींत. वाचताना छाती फुगायची. दुसरीकडे १९४८ चा फार्मसी कायदा बेचाळिसाव्या कलमात बजावतो, की नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देऊ नये. नोंदणी नाही म्हणून हात लावायचा नाही आणि हात लावल्याचे तास भरले नाहीत तर नोंदणी नाही. यातून वाट एकच, कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं. पण देखरेख करणाऱ्याला सवड हवी. मी ज्या रुग्णालयात तास भरायला गेले, तिथे ओपीडीची रांग पायऱ्यांपर्यंत गेली की औषधांच्या खिडकीवरच्या दोघांना स्वतःच्या हाताकडे बघायची फुरसत नसे, माझ्याकडे कुठून बघणार? ‘तू आत बैस’ हे त्यांनी रागाने कधीच म्हटलं नाही. मी आत बसले.

आत बसून खाकी पाकिटांवर शिक्के मारले. वॉर्डातून आलेले औषधांच्या मागणीचे इंडेंट वहीत उतरवले. इन्शुलिनचा फ्रीज दोन ते आठ अंशांत आहे ना, ते सकाळ-संध्याकाळ तक्त्यावर टिपलं. जवळच्या एक्स्पायरीचे खोके पुढे, लांबच्या एक्स्पायरीचे मागे असे लावले आणि कोणी घाईत मागचा खोका ओढला की परत लावले. तिथल्या मावशी दारातून जाता जाता म्हणायच्या, ‘लावा ताई, लावा तुंबड्या.’ त्या इमारतीच्या भिंतींना कमरेपर्यंत हिरवट ऑइलपेंट होता. त्याला तुंबडी बसलीही असती, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

अशा रिकाम्या वाटणाऱ्या कामाला जुना आधारही आहे. शल्यचिकित्सेवरच्या प्राचीन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय सरावाचा आहे. शिष्य सगळं शास्त्र शिकलेला असला तरी त्याच्याकडून आधी सराव करून घ्यावा, असं तिथे सांगितलंय, आणि मग येते ती यादी मला कुठल्याही पाककृतीहून जास्त आवडते. कापायला शिकण्यासाठी कोहळा, दुध्या, काकडी. खरवडायला केसाळ कातडं. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर, नाहीतर कमळाचा देठ. उपटायला मेलेल्या जनावराचे दात. टाके घालायला जाड कापड. पट्टी बांधायला कापडाचा अख्खा माणूस. आणि स्राव काढण्याच्या सरावासाठी सावरीच्या फळीवर थापलेलं मेण. फळीवर थापलेलं मेण! भिंत यापासून कितीशी लांब? त्याच संहितेत पुढे तेराव्या अध्यायात रक्त काढायला जळवांबरोबर शिंग आणि भोपळाही येतो, म्हणजे धंदाही तोच. काकडीवर शस्त्र चालवणारा तो शिष्य एखाद्या वाटसरूला दिसला असता तर त्याच्यावरही एक म्हण झाली असती. मग म्हणीतला न्हावी बापाचं शिंग घेऊन हात बसवणारा नवशिका पोरगा नव्हता कशावरून?

हे इतकं छान जुळलं, की मलाच त्याचा भरवसा वाटेना. काकडीजवळ गुरू उभा असतो. भिंतीजवळ कोण होतं?

माझ्याजवळही कोणी नव्हतं, तरी कात्री मी त्या आतल्या टेबलावरच शिकले. गोळ्यांच्या पट्टीवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी एका टोकाला छापलेली असते. कापायचं ते दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर तारीख राहते. वॉर्डातून बिनतारखेचे तुकडे परत येत. त्यांच्या कापलेल्या कडा आणि छपाईचे अर्धे शब्द दुसऱ्या तुकड्यांशी ताडून मी त्यांचं मूळ गाव शोधत बसे. कडा बरोबर जुळली की फार बरं वाटायचं. पण हे शिक्षण म्हणावं, तर कुठल्याही मेडिकलमधलं डिप्लोमा नसलेलं पोरगं ते आठवड्यात शिकतं. शिवाय त्यातलं मुख्य तर राहूनच गेलं. भांडारातल्या तुकड्याची तारीख शाबूत राहते, पण आजीबाईच्या पिशवीत जातो तो तुकडा बिनतारखेचा. कधीकधी त्याच्यावर नावही नसतं. हे कोणाला विचारावं, तर विचारायला शेजारी कोणी नव्हतं. शेजारी कोणी असतं तर मला ते सुचलं असतं का, तेही आता छातीठोक सांगवत नाही.

आता मी एका खासगी रुग्णालयाच्या फार्मसीत आहे. माझ्याकडे एक मुलगा ट्रेनिंगला येतो. त्याला मी आत बसवलं नाही, पहिल्या दिवसापासून खिडकीवर शेजारी उभं केलं. मला जे मिळालं नाही ते याला मिळावं, असं काहीसं उदात्त तेव्हा मनात होतं. त्याला ते फारसं भावलेलं दिसत नाही. कंप्युटर रॅक सांगतो, बॅच सांगतो, किती द्यायच्या तेही सांगतो. तो पट्टी काढतो, बिल चिकटवतो आणि माझी नजर चुकवून आतल्या स्टुलाकडे बघतो. मला हवी होती ती खिडकी त्याला भिंतीसारखी वाटत असेल, तर मग आत-बाहेर हा भेदच मी उगाच इतकी वर्षं मनाशी धरून बसले होते. किंवा त्या मुलालाच गोडी नाही. हे दुसरं उत्तर सोयीचं आहे, म्हणून मी त्या उत्तराच्या फार जवळ जात नाही.

परवा गर्दीच्या वेळी त्याने विचारलं, ‘मॅडम, इथे उभं राहून नेमकं काय शिकायचं असतं?’ प्रश्नात उर्मटपणा नव्हता. मी म्हटलं, ‘एवढी रांग संपू दे, सांगते.’ रांग संपली तेव्हा त्याची वेळ झाली होती आणि तो निघून गेला होता. थांबला असता तर माझ्याकडे काही उत्तर तयार होतं, अशातला भाग नाही.