बाईंची वही

वकिलाच्या ऑफिसात पाऊल टाकले की पक्षकाराची नजर जाते ती भिंतीभर लावलेल्या जाडजूड पुस्तकांकडे. दाराजवळ टाइप करत बसलेल्या सेक्रेटरीच्या टेबलावरची वही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वास्तविक ऑफिसचे रोजचे काम त्या वहीवरच चालते.

टायपिंग शिकून आलेल्या मुलीला वकीलपत्र, कैफियत, दरखास्त हे शब्द महिनाभरात अंगवळणी पडतात. अवघड असते ते दिवस मोजणे. कायद्याची पुस्तके वकिलांसाठी लिहिलेली, वकिली डायरीतला मुदतींचा तक्ताही त्यांच्याच भाषेत. मग आधीच्या बाईंना, कारकुनाला विचारून ती आपली वही तयार करते.

समजा, एखादी निवृत्त शिक्षिका न वटलेला चेक घेऊन आली. आयुष्याची पुंजी कुणाला तरी विश्वासाने दिलेली. बँकेचा मेमो सोबत आहे, पण तो कोणत्या दिवशी हातात पडला, हे तिला आठवत नाही. सेक्रेटरी पहिल्यांदा तेच विचारते. कारण चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. त्यानेही दाद दिली नाही, तर एका महिन्यात फिर्याद. कायदा आधी ‘दिवस’ म्हणतो आणि मग ‘महिना’! हा महिना कॅलेंडरचा धरतात, म्हणून तो कधी 28 दिवसांचा भरतो, कधी 31. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सवलत नाही. चेकची 3 महिन्यांची मुदत उरली असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो. नाहीतर त्या चेकवरचा फौजदारी खटला हातचा गेलाच.

“बाई, नोटीस सोमवारी काढू.”

“साहेब, तिसावा दिवस शनिवारी भरतो.”

हे सांगायला नव्या मुलीला धीर लागतो. वहीत तारीख लिहिलेली असली की तो येतो.

दिवाणी अपिलाचे पान वेगळे. जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वगळतात, म्हणून नक्कल कधी मागितली आणि कधी तयार झाली, दोन्ही तारखा टिपून ठेवायच्या. ई-कोर्टच्या अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते खरी. पण आपली नोटीस केव्हा जायला हवी, हे त्यात कुठून दिसणार?

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आले आणि या वह्यांची निम्मी पाने बदलली. खुनाचे 302 आता 103 झाले, फसवणुकीचे 420 आता 318. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच कलमे लागू. म्हणजे जुने पान फाडायची सोय नाही, शेजारी नवा रकाना आखायचा.

नोकरी सोडताना ही वही कुणाची, हे कधी ठरलेले नसते. समंजस वकील आधीच तिची झेरॉक्स काढून ठेवतात. इतर ऑफिसांत पुढची मुलगी नवी वही आणते आणि पहिल्या पानावर ‘चेक परत : 30 दिवस’ असे लिहिते.