सत्तर वॅट

मराठी शिकवणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डावर लिहावे हे काहींना विषयांतर वाटेल. वाटो. झाडीपट्टीच्या नाटकांची चित्रमुद्रणे जपायला बसले की या वस्तूशी गाठ पडतेच.

दिवाळी सरली की वडसा, म्हणजे देसाईगंज, गजबजू लागते. मंडळ्यांच्या तारखा तिथे ठरतात आणि होळीच्या सुमारापर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्ररात्र प्रयोग चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी या रंगभूमीकडे वळून पाहिले. आमच्या वर्गांत ती अजूनही एखाद्या तासिकेपुरतीच येते. छापील संहिता हाती घेऊन हिचा अभ्यास करता येत नाही, ही खरी अडचण. नट समोरचे गाव पाहून वाक्य वाढवतो, झाडीबोलीत एखादी कोटी टाकतो, तबलजी ती उचलतो, आणि ते वाक्य उद्याच्या गावात असेलच असे नाही. उरते ते कॅमेऱ्यात.

म्हणून काही हिवाळे आम्ही परवानगीने चित्रण करत आलो. मोबदल्यात मंडळीला एक प्रत द्यायची, तीही हंगाम संपण्याआधी. सत्तरी ओलांडलेले एक नट आम्हांला म्हणाले होते की चाळीस वर्षे रंगमंचावर काढली, पण आपण समोरून कसे दिसतो ते कधी पाहिलेले नाही. त्यानंतर ही मुदत आम्हांला कागदावरच्या कराराहून जड वाटू लागली. पाच तासांच्या नाटकाची काटछाट होऊन प्रत तयार व्हायला आमच्या जुन्या संगणकाला सात-आठ तास लागत. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

या प्रक्रियेला रेंडर म्हणतात. शब्दाचे मूळ लॅटिन, अर्थ ‘परत देणे’. आमच्या कामाला याहून नेमका शब्द मराठीतही सुचला नसता.

कार्ड घ्यायचे ठरले तेव्हा पैशाआधी विजेचा प्रश्न उभा राहिला. हे ऊर्जानगरात बसून लिहिताना आमचे आम्हांलाच हसू येते. खिडकीतून ज्या चिमण्या दिसतात त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, आणि आम्ही एकेका वॅटची घासाघीस करत होतो. संगणक कार्यालयीन थाटाचा, कॅबिनेट अरुंद, एसएमपीएस ३०० वॅटचा, त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. अशा यंत्रात कार्डाने मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळेल तेवढ्यावरच भागवायचे, आणि तो स्लॉट प्रमाणानुसार जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. या एका आकड्याने बाजारातली बहुतेक कार्डे आमच्यापुरती बाद केली.

उरलेल्यांत सर्वांत स्वस्त होते जीटी १०३०. दुकानदार त्याची शिफारस हटकून करतो, परंतु व्हिडिओ संकेतबद्ध करणारा स्वतंत्र भागच त्यात नाही. आमच्या कामाला ते शोभेचे. इंटेलचे ए३८० त्या बाबतीत उजवे, पण त्याला मदरबोर्डाची जी नवी सोय लागते ती आमच्या जुन्या यंत्रात नव्हती. जीटीएक्स १६५० चालले असते. शेवटी २०२४ साली बाजारात आलेले आरटीएक्स ३०५०, तेही ६ जीबीचे, घेतले. हे ७० वॅटमध्ये भागवते आणि त्याची बुटकी आवृत्ती मिळते. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड अधिक वीज मागते, तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. पाठभेद पाहण्याची सवय इथे कामी आली.

बसवणे अर्ध्या तासाचे. वायर काढायची, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थितिक वीज उतरवायची, मागची पट्टी काढून बुटकी पट्टी लावायची, खटका वाजेपर्यंत कार्ड सरळ दाबायचे, स्क्रू आवळायचा. पडद्याची केबल मदरबोर्डावरून काढून कार्डाला जोडायची. नंतर ड्रायव्हर.

नुसती काटछाट असेल तर आता पाच तासांचे नाटक दीड तासात उतरते. मात्र रंग सुधारायचे, अंधारातली खरखर काढायची म्हटली की वेग पुन्हा मंदावतो, कारण आम्ही वापरतो त्या मोफत संपादकात ही कामे बहुतांशी प्रोसेसरच करतो. हे दुकानात कोणी सांगत नाही. मे महिन्यात ४६ अंशांच्या दुपारी कार्ड ८० अंशांच्या घरात जाते, म्हणून रेंडर पहाटे लावतो. आणि इथल्या काळ्या धुळीमुळे पंखा महिन्याला पुसतो. कूलरचा दमट झोत मात्र त्याच्यावर सोडू नये.

संग्रहाची प्रत आम्ही अजूनही प्रोसेसरवरच, सावकाश करतो. तेवढ्याच आकाराच्या फाइलीत सावकाश केलेले चित्र अधिक तपशील राखते. कंदिलाच्या उजेडातला चेहरा कार्डाच्या घाईत जरा पुसट होतो. तीस वर्षांनी कोणी संशोधक तो पाहील, त्याला घाई नसेल. गावाला द्यायची प्रत कार्डाची. तीही एच.२६४ मध्ये, कारण जुने टीव्ही नवे स्वरूप वाचत नाहीत, आणि अंकाअंकाने तोडून, कारण त्या टीव्हींना चालणाऱ्या पेनड्राइव्हच्या मांडणीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

त्या नटांना त्यांची प्रत माघ सरण्याआधी पोहोचली. घरच्यांसोबत बसून त्यांनी दुसरा अंक दोनदा पाहिला. एका जागी थांबवायला सांगितले, मागे न्यायला सांगितले, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, इथे तबला उशिरा आला.