पीएच.डी.चेही स्थळ पाहावे लागते

मुलगी एम.एस्सी. झाली की मध्यमवर्गीय घरात एकाच वेळी दोन शोध सुरू होतात. एक आई-वडिलांचा, चांगल्या स्थळाचा. दुसरा मुलीचा, पीएच.डी.च्या जागेचा. पहिल्या शोधात घरची माणसे किती चोखंदळ असतात! मुलाचा स्वभाव, घरातले वातावरण, व्यसन, कर्ज, सारे चार ठिकाणी विचारून घेतात. दुसऱ्या शोधात मात्र संस्थेचे नाव मोठे दिसले की अर्ज भरून मोकळे! ज्याच्या हाताखाली आयुष्यातली पाच उमेदीची वर्षे काढायची, तो मार्गदर्शक कोण, कसा, हे विचारायचे असते हेच ध्यानात येत नाही.

लखनौचे उदाहरण घ्या. मराठी माणसाला हे शहर माहीत असते ते चिकनच्या कुर्त्यांमुळे, नाही तर पंडित भातखंड्यांनी १९२६ मध्ये तेथे सुरू केलेल्या संगीत महाविद्यालयामुळे. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लखनौ म्हणजे पर्वणीच. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या चार प्रयोगशाळा या एकाच शहरात आहेत. औषधांवर संशोधन करणारी १९५१ पासूनची संस्था, सिकंदर बागेतली वनस्पती संशोधन संस्था, औषधी व सुगंधी वनस्पतींची संस्था आणि विषविज्ञानाची संस्था. 'सहेली' ही गर्भनिरोधक गोळी यांतल्या पहिल्या संस्थेचीच देणगी. त्यामुळे नागपूर, पुणे, कोल्हापूरच्या मुलीलाही तेथे अर्ज करावासा वाटला तर नवल नाही.

याच शहरात जीवाश्मांच्या अभ्यासाची बिरबल सहानी संस्था आहे. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली आणि आठवड्याभरातच, १० एप्रिलला, प्राध्यापक सहानी गेले. पुढे त्यांच्या पत्नी सावित्री सहानी यांनी संस्थेची धुरा वाहिली. संस्था विटांवर नव्हे, माणसांवर उभी राहते, ती अशी.

म्हणून अर्ज करण्यापूर्वी माणूस पाहावा. मार्गदर्शकाचे अलीकडचे चार-पाच शोधनिबंध वाचावेत. वाचताना कंटाळा आला, तर तो विषय आपला नव्हे असे खुशाल समजावे. त्याच्याकडच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, मध्येच सोडून कोणी गेले का, गेले तर का, हे तिथल्याच मुलामुलींकडून कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा आहे का, हे आधीच विचारण्यात कसला संकोच?

पत्र लिहितानाही तेच. एकच मजकूर वीस जणांना पाठवला, तर तो वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. त्यापेक्षा तीनच पत्रे लिहावीत, पण प्रत्येकात त्या माणसाच्या कामातले काय आवडले आणि आपल्याला काय येते, हे चार ओळींत सांगावे. उत्तर आले नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी नम्रपणे आठवण द्यावी.

पैशाची चिंता आई-वडिलांना असतेच. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांनंतर, काम समाधानकारक असेल तर, ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे मुलगी घरावर भार होत नाही, हे वडिलांनी लक्षात घ्यावे.

आणि नकार आला तर? १९३३ मध्ये कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची हुशार पदवीधर बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा केवळ मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. तेथे तिला श्रीनिवासय्यांसारखे गुरू लाभले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून ती परतली. पुढे कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्राने तिला ओळखले.

याउलट, मिळालेली जागा सोडावी लागली म्हणून आयुष्य वाया जाते असेही नाही. लखनौच्याच ऋतू करिधाल यांनी लखनौ विद्यापीठात भौतिकशास्त्राची पीएच.डी. सुरू केली होती. पण त्यांची वाट बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे आणि १९९७ मध्ये इस्रोकडे वळली. मंगळयानाच्या मोहिमेत त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली आणि २०१९ मध्ये त्या चांद्रयान-२ च्या मोहीम संचालक झाल्या. संसार आणि दोन मुले सांभाळून!

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. नियमांनुसार पीएच.डी.ला सर्वसाधारणपणे सहा वर्षांची मुदत असते. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची वाढ मिळू शकते, शिवाय प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही. कायद्याने एवढी समजूत दाखवली आहे, मग घराने का दाखवू नये? येणाऱ्या स्थळाला आई-वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगावे, "मुलगी पीएच.डी. करते आहे आणि ती पुरी करणार आहे." हे ऐकून ज्यांचे चेहरे उतरतील, ते स्थळ आपल्या मुलीला योग्य नव्हे, हे तेव्हाच कळून चुकेल.